चढणीला उतरायचं नाही

लढाई संपली आणि कुंडलचा हंबीरराव पलटणीतून घरी आला. येताना त्याने एक ट्रंक, एक कांबळं आणि मोटारीविषयी बोलत सुटायची खोड एवढं बरोबर आणलं. पलटणीत तो ट्रक हाकायचा. मिसरची वाळू आणि इटलीचा चिखल यांच्या गोष्टी तो पारावर रंगवून सांगायचा. माणसं मान डोलवून ऐकायची आणि तो उठून गेला की म्हणायची, "गड्या, ह्यो बैलगाडीतनं पडायचा. इटलीत काय केलं आसंल ह्येनं?"

घरात मात्र त्याची बोलती बंद व्हायची. तो नसताना बायकोने, अंबूबाईने, वाटणीचा ऊस एकटीने सांभाळला होता. मोट धरली होती, भावकीशी भांडली होती, आणि या सगळ्यात तिचं बोलणं आटून गेलं होतं. तो आला त्या दिवशी तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि एवढंच म्हणाली, "आता कुटं जाऊ नगा."

जाऊ नका म्हणणं सोपं होतं. पण उसाच्या तेवढ्या तुकड्यावर घर चालत नव्हतं आणि मुंबईच्या गोदीत पलटणीतल्या ओळखीवर काम तयार होतं. हंबीररावाने ते बाजूला ठेवलं आणि गावच्या लालासाहेबांच्या उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर म्हणून राहिला. मोटार सकाळी कुंडलहून तासगावला जायची, संध्याकाळी परत यायची. म्हणजे रात्रीची भाकरी घरची, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

मोटार म्हणजे नावाला मोटार. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा तिच्या पाठीला कोळशाची भट्टी लावली होती. त्या धुराने इंजिन पार खोकून खोकून म्हातारं झालेलं. वाटेत म्हसोबाची चढण लागायची; जाताना एका अंगाने, येताना दुसऱ्या अंगाने, पण चढ दोन्हीकडून. तिथे मोटारीने मान टाकली की उतारूंनी खाली उतरायचं, गड्यांनी मागून रेटायचं, बायांनी पोरं काखोटीला मारून चालायचं, आणि क्लीनर गुंडाने लाकडी ठोकळा घेऊन चाकामागे पळायचं, असा रिवाज पडला होता. गुंडा चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला गडी. माथ्यावर पोचला की तो मोटारीपेक्षा जास्त वाफ सोडायचा. वर म्हसोबाला सुपारी ठेवायची, चिमूटभर तंबाखू मळायची आणि मग पुन्हा चढून बसायचं. कुणाची तक्रार नव्हती. लग्नाच्या वऱ्हाडातली नवरीसुद्धा या चढणीला उतरली होती.

तक्रार एकट्या हंबीररावाची होती, कारण तासगावच्या एका व्यापाऱ्याचीही मोटार याच वाटेवर धावायची. तिचा ड्रायव्हर धुळा. जो आधी तासगावला पोचेल त्याला पुढे सांगलीला जाणारे उतारू मिळायचे, म्हणून दोघांची रोज शर्यत लागायची. बैलांच्या शर्यतीला पडतात तसे गावात तट पडले होते आणि लालासाहेबांच्या तटातली माणसं अलीकडे तोंड लपवून फिरत होती.

हंबीररावाने लालासाहेबांच्या कानाशी भुणभुण लावली. पुण्याकडे लष्कराच्या मोडीत ट्रकची इंजिनं निघाली होती, त्यातलं एक आणू या. लालासाहेब एकदा नाही म्हणाले, दहादा नाही म्हणाले, आणि शेवटी कंटाळून व्हय म्हणाले. इंजिन आलं. हंबीरराव आणि गुंडा यांनी ते गोठ्यात बसवलं. सुरू केलं तेव्हा म्हशींनी दावी तोडली. हंबीरराव हसत सुटला.

"हसू नगंस," लालासाहेब म्हणाले. "बाजारच्या दिशी मी तासगावात अड्ड्यावर हुबा ऱ्हानार. धुळाच्या आदी आलास तर मोटार चालू. न्हाईतर इंजनासकट इकून टाकतो. मग तू तुजी वाट बघ."

हंबीररावाची वाट म्हणजे मुंबईची गोदी. हे त्याला माहीत होतं आणि अंबूबाईलाही.

बाजारच्या दिवशी मोटार गच्च भरली. अंबूबाईलाही त्याने आग्रहाने आणली होती. बायकोने बघावं ही त्याची हौस. ती मागे बायांच्यात बसली. टपावर हरणाबाई कोंबडीवालीच्या कोंबड्यांचा खुराडा बांधला होता. पलूस गेलं, धुळाची मोटार धूळ उडवत मागून यायला लागली आणि म्हसोबाच्या चढणीखालचा ओढा आला. ओढ्याच्या दगडांवरून जाताना हंबीररावाने मोटार सावकाश घेतली, आणि पलीकडे लागताच पाय दाबला.

इंजिन असं गरजलं की दुसरं काही ऐकू येईना. ड्रायव्हरच्या पाठीमागे फळ्या मारलेल्या. मोटार चढणीला भिडली आणि न दमता, न थांबता माथ्यावर गेली. आनंदाने हंबीररावाच्या डोळ्यांत पाणी आलं. मागे वळून बघायची गरजच काय? त्याला इंजिन दिसत होतं आणि आरशात खूप मागे पडलेली धुळाची धूळ दिसत होती.

तासगावच्या अड्ड्यावर लालासाहेब तटातल्या माणसांना घेऊन उभे होते. हंबीररावाने मोटार थाटात आणून लावली आणि पागोटं सावरत खाली उतरला. लालासाहेबांनी कौतुकाने मागचं दार उघडलं. आत बोचकी होती, एक छत्री होती. माणूस एकही नव्हता. टपावर कोंबड्या तेवढ्या ओरडत होत्या.

"उतारू कुटं हायीत?" लालासाहेबांनी विचारलं.

हंबीररावाच्या तोंडचं पाणी पळालं. ओढ्यात मोटार सावकाश झाली, तेव्हा तिने मान टाकली समजून सगळी जण रिवाजाप्रमाणे उतरली होती. ठोकळा घेऊन गुंडासुद्धा. नवं इंजिन नवं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण चढण जुनी होती ना!

थोड्या वेळाने धुळाची मोटार आली. आत माणसं, टपावर माणसं, पायरीवर लोंबकळणारी माणसं. चालत माथ्यावर येऊन उभे राहिलेले सगळे धुळाने गोळा करून आणले होते. तो दात काढून म्हणाला, "रिकामी मोटार तर माजी म्हैस बी वडंल, हंबीरराव."

लालासाहेबांनी मागचं दार लावून घेतलं. हंबीरराव गर्दीत बायकोला शोधायला लागला. अंबूबाई टपावरून उतरत होती, पायांवर धूळ.

"तू बी उतरलीस?" त्याने विचारलं. त्याला खरंच लागलं होतं.

"उतरली की," ती म्हणाली. "इतकी वर्सं कुनाच्या भरवशावर बसली हुती? पायानंच चालली."

मान खाली घालून तो उभा राहिला. अंबूबाईने त्याच्याकडे बघितलं, मग पदर खोचला आणि लालासाहेबांपुढे जाऊन उभी राहिली. भावकीबाहेरच्या कुणा पुरुषापुढे तिने कधी असं तोंड उघडलं नव्हतं.

"आवं लालासाहेब, हितं निकाल देऊ नगा. मोटार चढली का न्हाई ह्ये कुनी बघितलंच न्हाई. सांजच्याला भरल्या मोटारीत तुमी सोता बसा. बाकीच्यास्नी मी उतरू देत न्हाई."

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं," ते म्हणाले.

संध्याकाळी मोटार भरली. लालासाहेब पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसले. तिथे दार नव्हतंच, नुसती पायरी. मागच्या दाराशी अंबूबाई पाय आडवा लावून बसली. चढण जवळ आली तशी बायांची चुळबूळ सुरू झाली. एका म्हाताऱ्याने काठी उचलली. अंबूबाई म्हणाली, "बसा." गुंडा ठोकळा उचलायला वाकला, तर तिने त्याला त्याच ठोकळ्यावर बसवलं. सगळी जण डोळे मिटून म्हसोबाचं नाव घेत बसून राहिली, आणि भरलेली मोटार चढणीला लागली.

मधल्या वळणावर जुनी मोटार हटकून मान टाकायची. तिथे हंबीररावाने गियर बदलला आणि इंजिनाचा आवाज क्षणभर खाली आला. त्याने शेजारी बघितलं. लालासाहेबांची जागा रिकामी होती.

आरशात लालासाहेब दिसले. रस्त्याच्या कडेला, धोतर हातात धरून उभे. थांबावं, तर भरलेली मोटार वळणावर मागे घसरायची, सगळी भराभर उतरायची आणि पुन्हा या मोटारीत कुणी निर्धास्त बसायचं नाही. न थांबावं, तर ज्यांच्या शब्दावर आपली भाकरी तेच मागे. पण पाय त्याने ब्रेककडे नेला नाही.

माथ्यावर त्याने मोटार थांबवली. आतून हूं की चूं नाही. मग त्या काठीवाल्या म्हाताऱ्याने एक डोळा उघडला आणि म्हणाला, "आलो की रं वर." तेव्हा सगळी हसायला लागली.

बऱ्याच वेळाने लालासाहेब धापा टाकत वर आले. एक वहाण पायात, एक हातात. हसू आपोआप थांबलं.

"लालासाहेब, तुमी कसं उतरलासा?" गुंडाने भीत भीत विचारलं.

"मी कुटं उतरलो? पाय उतरला," लालासाहेब म्हणाले आणि दगडावर टेकले. श्वास परत आल्यावर हंबीररावाकडे बघून म्हणाले, "मालकाला सोडून आलास तू."

"थांबलो आसतो तर मोटार मागं आली आसती."

"तेच म्हंतोय. थांबला आसतास तर मीच तुला हाकलला आसता." त्यांनी वहाण पायात घातली. "उद्यापास्नं सांगलीपतुर न्ये मोटार. आन् रातच्याला घरी येत जा, न्हाईतर तुजी कारभारीन मला रस्त्यात गाठंल."

माणसं उतरली. आता रेटायचं नव्हतं, पण सुपारी आणि तंबाखू कशी चुकवायची? हंबीरराव मागच्या दाराशी गेला. अंबूबाई तशीच पाय आडवा लावून बसलेली.

"उतर की," तो म्हणाला. "म्हसोबाला सुपारी ठिवू."

"तुमीच ठिवा," ती म्हणाली. "मी न्हाई उतरायची. आता घर आलं की उतरीन."

इटलीपासून कुंडलपर्यंत हंबीररावाला कुणी इतकं मोठं बक्षीस दिलं नव्हतं. त्याने एकट्यानेच सुपारी ठेवली, सगळी चढून बसल्यावर हँडल मारलं आणि मोटार अगदी सावकाश उताराला लावली.