पाणी सुटलं

बाळांनो, आजोबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, तेव्हा शेजारच्या खाटेवर खुटबावचे एक गृहस्थ होते. ऑपरेशन तेच. त्यांची सगळी नोकरी कालव्याचं पाणी सोडण्याची, म्हणून बोलणंही पाटाचंच. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. आजोबा उठत नसत. मग हे गृहस्थ आपली लघवीची पिशवी भाजीच्या पिशवीसारखी धरून हजर. "चला आप्पा, निजून ऱ्हायलं की पाट तुंबतो."

आजोबांची नळी काढली. आता लघवी आपली आपण झाली तर घरी, नाहीतर पुन्हा नळी. मी बाथरूमच्या दाराशी जीव मुठीत धरून उभी, शेजारी हे गृहस्थ कान लावून. एकदम वॉर्डभर ऐकू जाईल असे ओरडले, "पाणी सुटलं!"

समोरच्या खाटेवरच्या शेतकऱ्याने लगेच मुलाला फोन लावला. "कालव्याला पाणी आलंय, रानात पाणी घ्यायला, दारं धरायला पळ."

"अवो, कालव्याला न्हाई, आप्पांना सुटलंय."

सगळा वॉर्ड हसला. मी आनंदाने पेढे मागवले आणि पहिला शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांना दिला. त्यांची नळी काढून पुन्हा घालावी लागली होती. पेढा तोंडात टाकत म्हणाले, "आमचं रान शेवटच्या टोकाला, वैनी. पन पाणी तिथंबी पोचतंय."