पट्ट्यावरचं मेण

सकाळी खाली पार्किंगमध्ये कुणाची गाडी चालू होताना चीं करून ओरडली, की माझा चहा तोंडापर्यंत येऊन थांबतो. बोळिंजच्या आमच्या इमारतीत गाड्या पुष्कळ, कुठली ना कुठली ओरडतेच. नवरा म्हणतो, अगं, पट्टा सैल झालाय कुणाचा तरी, भूत नाही ते. त्याला काय जातंय म्हणायला!

मला आठवते ती गाडी नंदाखालला, माझ्या माहेरी होती. सेकंडहँड, डिझेलची. पपा कारखान्यात फिटर होते, निवृत्त झाल्यावर केळीची वाडी बघायचे. त्यांच्या कानाची गावात ख्याती होती. कुणाच्या विहिरीवरचा पंप कुरकुरायला लागला की माणूस सरळ आमच्या ओटीवर यायचा, काका, जरा ऐकून जा. पपा पंपाजवळ डोळे मिटून उभे राहायचे आणि काय बिघडलंय ते सांगायचे. चुकल्याचं मला आठवत नाही.

माझ्या लग्नाला महिना राहिला आणि गाडी रोज सकाळी ओरडायला लागली. पपांनी बॉनेट उघडून मला दाखवलं. इंजिनाच्या बाजूला एक रबरी पट्टा फिरतो. त्याच्यावर इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप चालतो, बॅटरी चार्ज होते. तो पट्टा ताणून धरायला स्प्रिंगवर एक चाक असतं, त्याला टेन्शनर म्हणतात. आमच्या टेन्शनरची स्प्रिंग थकली होती. पट्टा सैल पडून घसरत होता, म्हणून ती चीं चीं.

"ओरडतोय तोवर बरं आहे," पपा म्हणाले. "सांगतोय तरी."

टेन्शनर मुंबईहून मागवायचा होता. गॅरेजवाल्याने लग्नानंतर बसवू म्हणून सांगितलं, पपांनी मान डोलावली. आणि माझं डोकं फिरलं. सासरची मंडळी मुंबईची. नवरी पांढऱ्या झग्यात देवळाच्या दारात उतरणार आणि गाडी डुकराचं पिल्लू धरल्यासारखी किंचाळणार! मी दोनदा भांडले. पपा हसून म्हणाले, बँडवाल्यांना सुट्टी देऊ मग. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

आमच्याकडे आशीर्वादित मेणबत्ती टाकून देत नाहीत. आई फेब्रुवारीत देवळातून आशीर्वाद दिलेल्या मेणबत्त्या आणायची, वर्षभर रोझरीच्या प्रार्थनेला लावायची, आणि उरलेली थोटकं पत्र्याच्या डब्यात साठवायची. त्यांचा उपयोग एकच. ड्रॉवर अडला, लाव मेण. झिप अडकली, लाव मेण. विहिरीचा रहाट करकरला, तरी मेण. घरात कशानेही आवाज केला की आई तो डबा पुढे करायची, आणि आवाज थांबायचाही. मीही तेच केलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी सगळी माणसं मांडवात होती. गाडी बंद होती. मी चार थोटकं घेतली, हात आत घालून पट्ट्याच्या आतल्या बाजूला चोळत राहिले, हात पोहोचेल तितकं. परत आले तर नखं काळीकुट्ट. आत्या सगळ्यांसमोर ओरडली, नवरीची नखं ही अशी? लिंबाने घासून घासून तिने बोटं लाल केली, पण नखांतलं काळं निघालं नाही. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या हातमोज्यांनी लाज राखली.

गाडी शांत चालली. पपांनी वाटेत मान कलती करून ऐकलं आणि खुशीत म्हणाले की लेकीच्या लग्नात गाडीने मान ठेवला. मी चेहऱ्यावरच्या जाळीच्या आड हसले. सांगायचं होतंच मला, मग पाहुणे, सासर, जेवणावळी, त्यात राहून गेलं. आवाज नाही म्हणून पपांनीही गॅरेजवाल्याला घाई नको असा निरोप दिला.

आठव्या दिवशी दुपारी आईच्या छातीत दुखायला लागलं. पपांनी तिला गाडीत घातलं आणि वसईच्या इस्पितळाकडे निघाले. निर्मळच्या तळ्याजवळ बॉनेटमधून वाफ आली. पट्टा उतरला होता, पाण्याचा पंप थांबला होता, इंजिन उकळलं होतं. भर उन्हात रस्त्यावर कुणी नव्हतं. रिक्षा मिळेपर्यंत पाऊण तास गेला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं.

आईला माती देऊन आल्यावर मामांनी ओटीवर, सगळ्यांच्या देखत विचारलं, गावाचे पंप ऐकता, स्वतःच्या गाडीचं कसं कळलं नाही? पपा जमिनीकडे बघत होते.

"माझा कान चुकला," ते म्हणाले.

मी दारातच उभी होते. तोंड उघडलं, आणि मिटलं. एवढंच मी केलं त्या दिवशी. घाबरले होते मी, दुसरं काही कारण नाही. बाप खाली मान घालून बसलाय आणि लेक गप्प. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर पपांनी कुणाचा पंप ऐकला नाही. लोक यायचे, ते म्हणायचे, कान गेला माझा, दुसऱ्याला दाखवा. हळूहळू लोक यायचे थांबले.

आम्ही गाडी घेतली तेव्हा मी मेकॅनिकला वेड लावलं. जरा चीं झालं की पट्टा बदल, टेन्शनर बदल. तो म्हणायचा, मॅडम, हा अजून दोन वर्षं जाईल. मी म्हणायची, बदल. चोराच्या मनात चांदणं. गाडी गप्प असली तर जास्तच भीती वाटायची. मग मी सिग्नलला काच खाली करून ऐकत बसायची. नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं.

लग्नाला नऊ वर्षं झाली त्या वर्षी नंदाखालला गेले असताना आमची गाडी पुन्हा ओरडली. तिथलाच एक मेकॅनिक घरी बोलावला. अंगणात त्याने जुना पट्टा काढला, टेन्शनर उतरवला, चाक बोटाने फिरवून मला दाखवलं. ते खरखरत होतं. नवा बसवून तो हात धुवायला विहिरीवर गेला. पपा ओटीवर खुर्चीत होते. मी गाडी चालू केली आणि त्यांना म्हटलं, एकदा ऐका ना. ते म्हणाले, मला कुठे ऐकू येतं आता. मग माझ्याने राहवेना. मी गाडी बंद केली.

"पपा, तुमचा कान चुकला नव्हता. त्या पट्ट्याला मी..."

"मेण होतं," पपा म्हणाले.

मी पायरीवर बसले.

मग त्यांनी सांगितलं. आईला रिक्षात घालायच्या आधी, रस्त्यावर उभे असताना, उतरलेला पट्टा त्यांच्या हाती लागला होता. बोटं गुळगुळीत झाली. आत्याने नखांवरून केलेला आरडाओरडा त्यांना आठवला. आईच्या मातीनंतर, गाडी ओढून आणायला मामा जायच्या आत, ते एकटे निर्मळला गेले आणि डिझेलच्या फडक्याने पट्टा पुसून आले.

मला राग आला, खरंच सांगते, प्रचंड राग आला. नऊ वर्षं, पपा! मला एका शब्दाने विचारलं का नाहीत?

"मला वाटलं, कशामुळे झालं ते तुझ्या लक्षात आलं नसेल," ते म्हणाले. "लग्नाला आठ दिवस झालेले. विचारलं असतं तर तुला कळलं असतं."

विहिरीवरून मेकॅनिक आला. त्याला पुन्हा एकदा पट्टा तपासायचा होता, म्हणून त्याने गाडी चालू केली. पपा खुर्चीतून उठले, काठी टेकत बॉनेटपाशी आले आणि डोळे मिटून उभे राहिले. मग मला म्हणाले, बरोबर आहे, जा आता.