रेग टॅटरसॉलच्या दोन बायका

ओल्डहॅमच्या बसवर तिकिटं फाडता फाडता रेग टॅटरसॉल उतारूंच्या नकला करायचा. कुणी नाकात बोलणारं, कुणी छत्री विसरून खालून ओरडणारं, रेगच्या तावडीतून कुणी सुटायचं नाही. चर्चच्या हॉलमधल्या नाटकांत तर तो दरवर्षी असायचाच. अडुसष्ट साली मँचेस्टरच्या एका टीव्ही मालिकेला कोळसेवाला हवा होता, दोन भागांपुरता. रेगने चार दिवसांची रजा टाकली आणि गेला. ती रजा एकोणतीस वर्षं चालली.

मालिकेचं नाव 'टॅनर्स यार्ड'. गिरणीमागची एक गल्ली, तिथली माणसं आणि त्यांच्या कुरबुरी. कोळसेवाला लेन बॅगशॉ लोकांना असा काही आवडला की लेखकांनी त्याचं लग्नच लावून दिलं. बायको बेरिल. ते काम करायची मर्टल हिंचक्लिफ, हडर्सफील्डची, जिभेची फटकळ आणि कामाला वाघीण. घरी रेगची खरी बायको होती विनी. ती शाळेत पोरांना दुपारचं जेवण वाढायची, आणि नवऱ्याची मालिका पाहताना विणकामातून मान वर काढायची नाही.

सत्त्याहत्तर साली लेनचं पबमधल्या एका पोरीशी सूत जुळलं. दुसऱ्या दिवशी रेग बाजारात गेला, तर मासेवाली फ्लॉरी म्हणाली, "हॅडॉक संपला."

"अगं, हा काय समोर पडलाय!"

"तो भल्या माणसांसाठी ठेवलाय. घरात सोन्यासारखी बायको असताना शेण खायला गेलास ना? मग तेच खा."

शेजारच्या मिसेस शॉक्रॉस तर झाकलेलं भांडं घेऊन थेट विनीकडे आल्या. आत हॉटपॉट, म्हणजे मटण-बटाट्याचं कालवण होतं. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "विनी, माझी मागची खोली रिकामीच असते. नुसती हाक मार, बाई."

त्या गेल्यावर विनीने शांतपणे दोन ताटं वाढली.

"ही तुझी भानगड किती आठवडे चालायचीय रे?"

"सहा."

"आठ करतात का विचार. बाईच्या हाताला चव आहे."

अशी वर्षं गेली. दोघांना मूलबाळ नव्हतं, पण घर हसतं होतं. मर्टल मात्र एकटी होती. ख्रिसमसला ती टॅटरसॉलांकडेच जेवायची, आणि विनी न् ती मिळून रेगची उणीदुणी काढायच्या.

चौऱ्याण्णवच्या शरद ऋतूत ज्युलियन नावाचा तिशीतला नवा निर्माता लंडनहून आला. त्याने रेगला खोलीत बोलावून सांगितलं, "वसंतात बेरिल जाणार. हृदयविकार."

रेग खुर्चीतून उठलाच. "मग लेनचंही मढं बांधा! तिच्यामुळे मी उभा आहे. ती गेली तर मीही चाललो."

"रेग, तुम्ही आधी मर्टलबाईंशी बोला."

"बोलायचं काय त्यात? सहासष्टाव्या वर्षी तुम्ही तिला रस्त्यावर काढताय!"

घरी येऊनही तो धुमसत होता. विनीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिला काय हवंय, ते विचारलंस?" रेगने विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मर्टल चहा ढवळत बसली होती. रेगने राजीनाम्याची गोष्ट काढली, तशी ती म्हणाली, "मर्दुमकी नको दाखवूस. मीच सांगितलंय त्याला."

"तू?"

"सेटवरच्या साखरेच्या भांड्यात चिठ्ठ्या कुणाच्या असतात, तुला माहीत नाही होय?"

रेगला माहीत होतं. दोन वर्षं तो पाहत होता. भांड्यात, वर्तमानपत्राच्या घडीत, किटलीच्या मागे तिचे संवाद चिकटवलेले असायचे. तो मुकाट्याने किटली अशी ठेवायचा की अक्षरं तिच्याकडे येतील. आपल्याशिवाय कुणाला पत्ता नाही, अशी त्याची समजूत होती.

"डॉक्टर म्हणतात, हे विसरणं वाढतच जाणार," मर्टल म्हणाली. "मला शुद्धीत जायचंय रे. आपलंच मरण आहे एवढं कळतंय, तोवर."

रेगने तिचा गार झालेला चहा बदलून आणला.

मरणाच्या प्रसंगाचं चित्रीकरण मार्चमध्ये झालं. पलंगावर चिठ्ठ्या लपवायला जागा नव्हती. कॅमेरा सुरू झाला आणि मर्टलची नजर कोरी झाली. रेगने तिचा हात धरला आणि तिचाच संवाद प्रश्न करून तिला विचारला.

"पहिल्या दिवशी मी कोळसा ओतला तो तुझ्या धुतलेल्या चादरींवर. तेच आठवतंय ना?"

"हो," ती म्हणाली.

"आणि तू म्हणालीस, मेल्या, आता तूच धू."

मर्टल हसली. हे कागदावर नव्हतं. मग आपणहून म्हणाली, "धुतल्यास का पण?"

याला उत्तर कुणीच लिहिलेलं नव्हतं. "नाही गं," रेग म्हणाला.

"वाटलंच मला." आणि तिने डोळे मिटले.

दिग्दर्शकाने त्यातला एक शब्दही कापला नाही.

तो भाग दाखवल्यानंतरच्या शनिवारी बाजारात लोक रेगचे हात हातात घेत होते. फ्लॉरीने डोळे पुसत पुसत मासा बांधून दिला. तिची नवी मदतनीस रेगसोबतच्या विनीकडे पाहून हळूच म्हणाली, "तुम्ही बहीण वाटतं यांची? सांभाळा हो त्यांना."

"सांभाळते की," विनी म्हणाली.

मर्टल पुढे समुद्राकाठच्या एका वृद्धाश्रमात राहिली. टॅटरसॉल नवराबायको दर रविवारी जायचे. आधी ती दोघांना ओळखायची, मग फक्त विनीला. एका रविवारी तिथल्या टीव्हीवर आठवड्याचे भाग पुन्हा दाखवत होते. पडद्यावर लेन एकटाच टेबलाशी बसला होता आणि इथे मर्टलच्या शेजारच्या खुर्चीत रेग.

"बिचारा," मर्टल पडद्याकडे पाहत म्हणाली. "कोण हो हा? कुणी जेवायला घालतं की नाही याला?"

"घालते मी," विनी म्हणाली. "दोनदा मागून घेतो."

"मग ठीक," मर्टल म्हणाली, आणि निर्धास्त होऊन पुढचा भाग पाहू लागली.

सत्त्याण्णव साली ती गेली. त्याच उन्हाळ्यात रेगने मालिका सोडली. लेनला मारू नका, एवढंच त्याने मागितलं. लेखकांनी लेनला बहिणीकडे मोरकॅम्बला धाडून दिलं. रेग मात्र ओल्डहॅममध्येच राहिला, आणि चर्चच्या हॉलमधल्या नाटकांत पडद्याआड बसून, अडखळणाऱ्यांना हळूच त्यांचे शब्द सांगू लागला.