रग की कळ

गुडघ्याची वाटी फुटली तेव्हा मला वाटलं होतं, हाड जुळलं की संपलं. वाघोलीत आमच्या सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर खडी पडली होती, स्कूटी घसरली, ऑपरेशन झालं, आत तारा घातल्या. हाड जुळलंही. पण गुडघ्याला बांधलेला पट्टा निघाल्यावर पाय वाकेना. खुर्चीत बसले की तो समोर तसाच लांब पडलेला असायचा, कुणीतरी सांभाळायला देऊन गेल्यासारखा.

डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला आणि आईकडे बघत सांगितलं, "फिजिओथेरपी नीट करा. पुढच्या वेळेपर्यंत पुरेसा वाकला नाही, तर भूल देऊन जोर लावून वाकवावा लागेल." त्यात कधीकधी हाड पुन्हा दुखावतं, हेही त्यांनी सांगितलं. आईने बरेच प्रश्न विचारले. मी 'जोर लावून' या शब्दांपाशीच थांबले होते. नंतर कितीतरी दिवस, घरात कुणी बोटं मोडली तरी माझा हात गुडघ्यावर जायचा.

फिजिओथेरपी नारायण पेठेत होती. बसमध्ये माझा पाय वाटेत यायचा. "ताई, पाय आत घ्या की," मागून कुणीतरी म्हणायचं. "येत नाही," मी म्हणायचे. लोकांना ते उद्धट वाटत असावं. पुढे काही समजावून सांगण्याऐवजी मी खिडकीबाहेर बघायचे.

तिथल्या मॅडम सुरुवातीचे उपचार झाले की सगळ्यांना बॅचमध्ये टाकत. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर हॉल होता. तिथे बहुतेक साठीच्या पुढची माणसं, आणि मी. मॅडमची एक पद्धत होती. सगळ्यांना एका व्यायामाला लावायचं आणि मधून फिरत एकेकापुढे थांबून विचारायचं, "काय?" उत्तर एका शब्दात. 'रग' म्हटलं की मॅडम म्हणत, "चालू ठेवा." 'ओढ' म्हटलं की, "श्वास सोडा." 'कळ' म्हटलं की, "थांबा. बसा."

पहिल्या दिवशी माझ्यापुढे आल्या तेव्हा मी म्हटलं, "इट्स लाइक अ पुलिंग सेन्सेशन, बट नॉट एक्झॅक्टली पेन."

माझ्या शेजारी चाची होत्या. पेठेत त्यांच्या घरचं बुकबाइंडिंगचं जुनं दुकान आहे, आणि हॉलमध्ये सगळेच त्यांना चाची म्हणत. त्या भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "मॅडम, हिचा गुडघा कॉन्व्हेंटमधला दिसतोय."

सगळे हसले. वाईट काही नव्हतं त्यात. पण मी लहानपणापासून अशीच आहे. ज्या वाक्यावर लोक हसले ते मी पुन्हा बोलत नाही.

घरी आम्ही मराठीच बोलतो. तरी माझ्या मराठीत दुखण्याला एकच शब्द होता. पोट दुखतंय, डोकं दुखतंय, दात दुखतोय. रग आणि कळ मी ऐकलेले होते, पण कधी वापरले नव्हते. आईला विचारता आलं असतं. विचारलं नाही. शाळेत मराठीच्या तासाला जे करायचे तेच केलं. बाईंना कुठलं उत्तर आवडतं ते बघायचं आणि तेच द्यायचं. इथे आवडणारं उत्तर 'रग' होतं.

"काय?"

"रग."

"छान. चालू ठेव."

खरं तर गुडघ्याच्या आतल्या बाजूला काहीतरी तापलेलं घुसावं तसं व्हायचं आणि डोळ्यांसमोर अंधार यायचा. मला वाटलं, हीच रग. बाकीचेही दात आवळून तोच शब्द म्हणत होते, म्हणजे त्यांनाही हेच होत असणार. हे सत्तरीचे लोक एवढं सोसतात आणि आपल्याला रडू येतं, याची लाज वाटायची. म्हणून मी आणखी जोर लावायचे.

मग गुडघा सुजला. सकाळी उठले तर टम्म झालेला, गरम. आधी वाकत होता तेवढाही वाकेना, आणि डॉक्टरांकडे जायचा दिवस जवळ आला होता.

"तू करतेस ना नीट?" आईने विचारलं. "का नुसती जाऊन येतेस?"

"करते."

"मग कमी कसा झाला?"

आई म्हणाली, "जाऊ दे. एकदाचं भूल देऊनच करून टाकू." रोज मला घडी घालून ठेवलेल्या टॉवेलवर पाय टाकून बसलेलं बघून ती थकली होती, हे मला दिसत होतं.

त्या दिवशी बॅचमध्ये मी 'रग' म्हटलं आणि मॅडम पुढे गेल्या. चाची माझ्याकडे बघत होत्या.

"रग म्हणतेस, आणि तोंड तर बाळंतपणाला बसल्यासारखं. नेमकं काय होतंय?"

मी गुडघ्याकडे पाहिलं.

"हे बघ, हात वर करून कपडे वाळत घालतेस, खांदे भरून येतात, ती रग. दारात बोट सापडलं, ती कळ. तुझं कुठलं?"

"दारातलं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

चाचींनी हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मॅडम, ही पोरगी पहिल्या दिवसापासून दारात अडकलीय."

मॅडम परत आल्या. गुडघ्यावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. "मग रग कशाला म्हणत होतीस?"

"मला वाटलं, तेच उत्तर आहे."

"मी काय प्रश्नपत्रिका काढली होती?"

त्यांनी मला बसवलं, बर्फ दिला, आणि सगळा व्यायाम मागे नेला. जवळपास सुरुवातीपाशी. डॉक्टरांना फोन करून भेट थोडी पुढे ढकलली. माझ्याशी काही दिवस त्या जेवढ्यास तेवढं बोलल्या. मला ते बरोबरच वाटलं.

सूज उतरल्यावर त्यांनी मला चाचींच्या जोडीला दिलं. समोरासमोर उभं राहून एकमेकींची मनगटं धरायची आणि दोघींनी मिळून हळूहळू खाली जायचं, जमेल तेवढंच. चाचींचाही एक गुडघा बदललेला होता. आम्ही थोड्याशा खाली गेलो आणि थांबलो. माझ्या मांडीत काहीतरी गरम चढू लागलं. मांडी थरथरत होती, पण भीती वाटत नव्हती.

"चाची, ही रग आहे ना?"

"मांडी कुणाची आहे? मला काय विचारतेस? आणि हात सोडू नकोस. मी पडले तर दुकान कोण उघडणार?"

मला हसू आलं, त्यामुळे त्याही डगमगल्या, आणि आम्ही दोघी धापा टाकत कशाबशा वर आलो. कानांमागे घाम आला होता. हा घाम माझ्या ओळखीचा होता. नववीपर्यंत मी शाळेच्या मैदानावर रोज धावायचे. मग क्लास सुरू झाले, मग टी-शर्टमध्ये धावताना कुणी बघतंय असं वाटायला लागलं, मग मी फक्त चालू लागले. मला कुणी थांबवलं नव्हतं. त्यानंतरची सगळी वर्षं शरीराने मला इथून तिथे नेऊन सोडलं, एवढंच. "पुन्हा," मी म्हणाले. चाचींनी माझ्याकडे वैतागून पाहिलं आणि मनगटं पुढे केली.

तरी परतीच्या बसमध्ये पाय बराचसा वाटेतच होता.

डॉक्टरांनी कोन मोजला. "वाढलाय. पण हवा तेवढा नाही." पुन्हा आईकडे बघून म्हणाले, "यावर रोजचं भागेल. मांडी घालून बसणं, धावणं, सांगता येत नाही. भूल देऊन केलं तर बहुधा वाढेल. धोका मी सांगितला आहेच."

"करून टाका," आई म्हणाली. "तरुण मुलगी आहे."

"नको," मी म्हणाले.

"तुला काय समजतं त्यातलं?"

"आता वाकवताना ओढ लागते. कळ नसते."

डॉक्टर पहिल्यांदाच माझ्याकडे वळले. "कळ अजिबात नाही?"

लगेच 'नाही' म्हणणं सोपं होतं. मी पाय थोडा वाकवून पाहिला. "शेवटी थोडी असते. त्याच्या आधी फक्त ओढ."

त्यांनी स्वतः वाकवून पाहिलं, माझ्या चेहऱ्याकडे बघत. "अजून एक महिना देतो," ते म्हणाले. "पण उशीर झाला तर आत घट्ट होत जातं. तेव्हा भूल देऊनही उपयोग कमी. विचार करून ठरवा."

"ठरवलंय," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच बारीक आला.

आई माझ्या आधीच जिना उतरली. रिक्षात म्हणाली, "उद्या चुकलं तर मला म्हणू नकोस." मग वाघोलीऐवजी तिने रिक्षा नारायण पेठेकडे घ्यायला सांगितली. मी तिथे काय करते ते तिला बघायचं होतं.

बॅच सुरू झालेली होती. आई मांडीवर पर्स घेऊन दाराशी खुर्चीत बसली. मॅडम म्हणाल्या, "बसा. पण इथे नुसतं बसणाऱ्यांनाही मी नंतर उठवते." आई हसली नाही. ती माझ्या चेहऱ्यावर नजर ठेवून होती. डॉक्टरांना मी बरोबर सांगितलं होतं का, हे मलाही माहीत नव्हतं. मॅडमनी सगळ्यांना भिंतीला पाठ लावायला सांगितली. मी पाठ टेकवली, आणि हळूहळू खाली सरकू लागले.