त्या रकान्यात कुणी म्हातारं होत नाही

निघायच्या सकाळी बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या गेटपाशी कॅब उभी होती आणि बाबा ड्रायव्हरला बॅगा कशा लावायच्या ते शिकवत होते. मार्केट यार्डात त्यांनी उभा जन्म कांद्याच्या गोण्या तोलल्या. मध्येच वळून म्हणाले, "त्या देशात माणसं किती?"

"पुण्यात आणून सोडली तर हरवतील एवढी."

"मग मोजायला तू कशाला? हजेरी घ्या म्हणावं."

मी संख्याशास्त्र शिकलेली. एका लहानशा बेटानं, त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आपल्या लोकसंख्येचा अभ्यास करायला मला बोलावलं होतं. तिथली मुलं शिकली की मोठ्या देशांत जात, मागे म्हातारे उरत. कुठल्या गावात पुढे किती माणसं राहतील, हे काढणं माझं काम.

तिथल्या लोकसंख्या खात्याची प्रमुख लीना. पहिल्याच आठवड्यात तिनं मला घरी जेवायला नेलं आणि म्हणाली, "तू आता आमचीच." पुण्यात हे वाक्य दहाव्या वर्षीसुद्धा विचार करून बोलतात. मी विरघळले. सहा वर्षं मी सुट्टीत घरी आले तरी परतायची घाई करायचे. आईला ते कळायचं.

उत्तर किनाऱ्यावरच्या एका गावातली शाळा आणि प्रसूतिगृह ठेवायचं की नाही, ते ठरायचं होतं. लोक माहिती देईनात. लीना म्हणाली, "त्यांना सांग, नीट मोजलं तरच शाळा टिकेल." मी घरोघर तेच सांगत फिरले. मासे सुकवणाऱ्या मारीनं आपल्या गरोदर मुलीला पुढे केलं. "हिच्या पोटातलंही लिही. शाळेला एक मूल वाढेल." फॉर्मात तशी जागा नव्हती. मी समासात लिहिलं.

माझ्या अहवालाचे दोन भाग होते. आहे तसंच चाललं तर गाव रिकामं होईल, हा पहिला. शाळा आणि प्रसूतिगृह राखलं तर तरुण जोडपी राहतील, गाव सावरेल, हा दुसरा. छापला गेला फक्त पहिला, तोही गुंतवणूकदारांच्या गुळगुळीत पुस्तिकेत: रिकामा होत जाणारा शांत किनारा, श्रीमंत परदेशी निवृत्तांच्या बंगल्यांसाठी. खाली माझं नाव. आधी प्रसूतिगृह बंद झालं, मग शाळा.

मी लीनाच्या केबिनमध्ये गेले. "शाळा टिकेल म्हणाली होतीस."

"आकडे तूच दिलेस. आमच्याकडे मुलं नाहीत, मग बाहेरचे म्हातारे आणायचे. देश चालवायचाय. आणि तुझं काय गेलं? तू कायमची थोडीच आहेस?"

जागेवर येऊन मी माझाच तक्ता उघडला. परदेशी कामगारांचा रकाना खात्याच्या नियमाप्रमाणे मीच बनवला होता. माणसं कामाच्या वयात येतात, पन्नाशीच्या आत मायदेशी परतली असं धरून गळतात. त्या रकान्यात कुणी म्हातारं होत नाही, कुणी मरत नाही. मी त्याच रकान्यात होते आणि सहा वर्षांत मला ते दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाळलेली पानं घेऊन मी त्या गावात गेले आणि शाळेच्या बंद फाटकापाशी जमले त्यांना वाचून दाखवली. त्यानं काही बदललं नाही. माझं परमिट तेवढं वाढलं नाही. मारीची मुलगी बाळंतपणाला राजधानीत गेली, ती बाळाला घेऊन तिथूनच परदेशी गेली. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा मारी दारात उभी होती.

"तू खोटं बोललीस, की तुला खोटं सांगितलं?"

"दोन्ही."

तिनं मान हलवली. आत ये म्हणाली नाही.

आता मी विश्रांतवाडीला राहते. इथले तुम्ही भेटलात की म्हणता, परत आलीस, बरं झालं, शेवटी आपलं ते आपलं. बाहेर गेलेले तुम्ही फोनवर विचारता, करमतं का? करमतं. इथे सगळे आत बोलावतात, चहा टाकतात. पण घर म्हटलं की मला मारीचं दार आठवतं. लीनाचं "आमचीच" खोटं निघालं; मारीचा राग खरा आहे. त्या बेटावर माझं म्हणावं असं तेवढंच उरलंय.