सुभेदाराची बदली

अमेरिकेतल्या आमच्या क्युपर्टिनोत डोकं फिरवणारी माणसं पुष्कळ आहेत, पण आमच्या समोरच्या घरातल्या काकांची सर एकालाही नाही. जन्मभर नागपूरला इतिहास शिकवून ते मुलीकडे आले, आणि मध्ययुगातली साम्राज्यं आपल्या सरहद्दी कशा सांभाळायची, यापलीकडे त्यांच्या डोक्यात काही नाही. शेजारच्या चिनी आजींनी कुंपणावरून येणाऱ्या वेलाची तक्रार केली, तर यांनी टोपलीभर कारली पाठवली. "सरहद्दीवर आधी भेटी पाठवायच्या, फौज नंतर!" आजी खूश. इथवर ठीक. पण इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत यांनी हॉलची किल्ली मला दिली आणि किचनची दुसऱ्याच गृहस्थाला. का, तर सरहद्दीवरच्या किल्ल्यात दरवाजा आणि कोठार एकाच्या हाती दिलं, की तो फितूर होतो. ते गृहस्थ किल्ली खिशात घालून सासूला आणायला एअरपोर्टवर गेले. मसालेभात आत, सगळं मंडळ बाहेर.

"काका, मसालेभातासाठी कोण फितूर होणार होतं?" मी ओरडलेच.

"झालं का कुणी? नाही ना? मग!"

तरी माझा खरा राग त्यांच्यावर नाही, त्यांच्या मुलांवर आहे. सहा महिने इथे मुलीकडे, सहा महिने देशाच्या दुसऱ्या टोकाला जर्सी सिटीत मुलाकडे, एका उंच इमारतीत, जिथे दिवसभर दारावरची बेलसुद्धा वाजत नाही. इथे बाग आहे, सकाळी फिरायला, भांडायला सोबती आहेत. मुलीला मी तोंडावर विचारलं. "ताई, आम्ही दोघांनी फेअर वाटून घेतलंय," ती म्हणाली. वाटून घ्यायला बाप म्हणजे काय फ्लॅट आहे? आणि काका तिचीच बाजू घेतात! "बरोबर आहे तिचं. सुभेदाराला एका सुभ्यात फार ठेवू नये. मुळं धरतो."

परवा ते निघाले. मुलगी गाडीत बसून ऑफिसच्या कॉलवर होती. मी म्हटलं, "काका, एकदा तरी सांगा ना तिला, मला इथेच राहायचंय म्हणून."

त्यांनी गाडीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मुक्काम मागणाऱ्या सुभेदाराचा दरबाराला संशय येतो. न मागणाऱ्याला निदान परत बोलावतात."

त्यांची बॅग उचलून मी डिकीत ठेवली. अजिबात जड नव्हती.