धवलारणीचं पहिलं ताट

सोनिवलीच्या वेणूबाईंना कोणी वय विचारलं की त्या वर्षं सांगत नाहीत, लग्नं सांगतात. तीनशेच्या वर. आगरी समाजात लग्न लागतं ते धवलारणीच्या गळ्यावर. आता भटजीही येतात, माइकवरून मंगलाष्टका म्हणतात. पण देवांना मांडवात बोलावणं, हळद, चुडा, उंबर, प्रत्येक विधीचं गाणं धवलारणीनंच पाटावर बसून गायचं असतं. ती गाणी म्हणजे धवले. वेणूबाईंनी ते सासूकडून घेतले, कुठल्या वहीत न लिहिता. पंचेचाळीस वर्षं बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यात त्यांना सोडून दुसरीला बोलवायची कुणाची टाप नव्हती. शेतांच्या जागी इमारती आल्या, इमारतींना इंग्रजी नावं आली, तरी हळदीच्या दिवशी लिफ्टनं वर जाऊन पाटावर बसायच्या त्या वेणूबाईच.

मे महिन्यात अंबरनाथच्या एका लग्नात मात्र घात झाला. गाताना दोनदा ओळीच्या मधेच दम तुटला. तीन तासांनी उठायला गेल्या तर पायच उठेनात. दोघींनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. मागे बसलेली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली की पुढच्या वेळी दुसरी बघू, निदान आपली आपण उठेल तरी. हळूच म्हणजे तिच्या मते हळूच. वेणूबाईंचे पाय गेले असतील, कान चांगले शाबूत होते.

घरी येऊन त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. पण मनात एकच गोष्ट सलत होती. थोरली नात जिज्ञासा हिचं लग्न पुढच्या फेब्रुवारीत व्हायचं ठरलं होतं. जगाच्या पोरींना गाऊन सासरी पाठवलं आणि स्वतःच्या नातीच्या मांडवात दुसरीच कोणी पाटावर बसणार, आपण प्लॅस्टिकच्या खुर्चीत चहाचा कप धरून बघत बसणार? हे चित्र डोळ्यांपुढे आलं की त्यांना घास गिळवत नसे. आधीच त्या किती खात होत्या ते पुढे कळेलच.

बातमी मुलाला, हितेशला, चार दिवसांत लागली. अंबरनाथच्या कारखान्यात फोरमन असलेला हितेश तसा अबोल, पण आईचं नाव निघालं की त्याला काहीतरी केल्याशिवाय चैन पडत नाही. तो उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये गेला आणि औषधांच्या दुकानातून भला मोठा डबा घेऊन आला. डब्यावर पांढऱ्या केसांचं एक जोडपं दात दाखवत समुद्रकाठी धावत होतं. सिंधी दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "साईं, दो चमचा दूध में. महिनेभर में आई दौड़ेगी." सोबत रक्तवाढीच्या गोळ्याही दिल्या होत्या.

आता या घरात चांगली वस्तू आली की तिचं काय होतं, हे दुकानदाराला काय माहीत. वेणूबाईंनी पावडर चाखून बघितली. गोड लागली, वास चांगला होता. एवढी चांगली वस्तू एकटीनं दुधात घालून प्यायची म्हणजे चोरून खाल्ल्यासारखंच. त्यांनी नाचणीचं पीठ भाजलं, गूळ घातला, अख्खा डबा त्यात ओतला आणि झकास लाडू वळले. ते नातींना गेले, हितेशच्या डब्यात गेले, गल्लीत घरोघरी गेले. शेजारची बनूबाई तर कृती विचारायला आली. वेणूबाईंच्या वाट्याला परातीच्या कडेचा चुरा आला, आणि तो त्यांना पुरेसा वाटला. रक्ताच्या गोळ्या त्यांनी नेमानं घेतल्या, सकाळ-संध्याकाळ, कडक चहाच्या घोटाबरोबर.

महिना झाला. आई धावायची राहिली, जिना चढताना तिसऱ्या पायरीवर टेकायला लागली. मग सून प्रीतीनं नवऱ्याला बाजूला घेतलं आणि डबे पुरे झाले म्हणून सांगितलं. दोघं वेणूबाईंना बदलापूरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी, बी-बारा कमी, डी जीवनसत्त्व तर नावाला. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं ऐकलं तेव्हा त्या हसल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की चहाबरोबर घेतलेल्या रक्ताच्या गोळीतलं निम्मंशिम्मं फुकटच जातं. लाडवांचं ऐकल्यावर मात्र त्यांना हसू आवरलं नाही. मग त्यांनी काल काय जेवलात असं विचारलं.

"सुरमईचं कालवण," वेणूबाई ताठ बसून म्हणाल्या. मासळी खाणाऱ्या घरची बाई अशक्त कशी असेल, हा त्यात ठसका होता.

"छान. किती तुकड्या खाल्ल्यात?"

 प्रीतीनंच सांगितलं की आई सगळ्यांना वाढून शेवटी बसतात, आणि डोकं नाहीतर शेपटीकडचं घेतात, बाकी रस्सा आणि भात.

"आजी, मधली तुकडी शेवटची कधी खाल्लीत?"

वेणूबाईंनी खरंच आठवायचा प्रयत्न केला. मांडवातला एकेक धवला ज्यांना पाठ, त्यांना हे लवकर आठवेना. शेवटी म्हणाल्या, "बालंतपनात. या हितेसच्या वक्ताला."

डॉक्टरीणबाईंनी हितेशकडे पाहिलं. त्याचे कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. त्यानं मान खाली घातली.

डॉक्टरीणबाईंनी मग नीट समजावलं. वय वाढतं तसं अंगातलं मांस झिजतं, आणि बी-बारा पूर्वीसारखं अंगी लागत नाही, म्हणून त्याची इंजेक्शनं घ्यायची. डीची पुडी आठवड्याला एकच, रोज नाही. रक्ताची गोळी चहापासून दोन तास लांब. मूत्रपिंड ठणठणीत होतं, त्यामुळे पावडरही चालणार होती, पण जिच्यासाठी आणली तिच्याच पोटात गेली तर. मुख्य औषध तुमच्याच टोपात शिजतंय, त्या म्हणाल्या. मासळी, अंडं, वाल, चवळी, दही, यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. आणि हात न टेकता खुर्चीवरून उठायचं-बसायचं, दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा.

घरी आल्यावर सगळ्यांनी समजूत काढली. वेणूबाई ढिम्म. वाढणारी बाई शेवटी जेवते, हे त्यांनी सासूकडून धवल्यांबरोबरच घेतलं होतं. त्या घरात जन्मभर त्यांचा मान होता तो याच गोष्टीचा, असं त्यांना वाटे. पोराच्या आणि नातींच्या आधी ताट ओढून बसायचं म्हणजे म्हातारपणी हावरट ठरायचं. हितेशनं आपली तुकडी त्यांच्या ताटात टाकली, ती त्यांनी धाकट्या नातीच्या, रिद्धीच्या भातात ढकलली. दोन दिवस हाच खेळ चालला.

तिसऱ्या दिवशी प्रीतीनं स्वयंपाक केला आणि कोणाला न विचारता पाट मांडला. त्याभोवती रांगोळीची एक रेघ ओढली. ताटात मधली तुकडी ठेवली, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला आणि पदर सावरून सासूसमोर उभी राहिली.

"आई, लग्नघरात धवलारीण जेवल्याशिवाय कोणी जेवतं का?"

"नाय जेवत," वेणूबाई म्हणाल्या. सोनिवलीत ही रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"आणि तिनं मानाचं ताट परत केलं तर?"

"अपशकुन व्हतो. नवरीला लागतो."

"जिज्ञासाचं लग्न आमच्या घरात आजपासून सुरू झालं. आम्ही तुम्हाला धवले गायला बोलावलंय. बसा."

 जिज्ञासा दारात उभी राहून आजीकडे बघत होती. आठ महिने आधी लग्न सुरू करणारी सून वेणूबाईंनी तीनशे मांडवांत पाहिली नव्हती. पण त्यांच्याच रीतीनं त्यांना बांधलं होतं, आणि चोख बांधलं होतं. त्या पाटावर बसल्या. पहिला घास घशाखाली उतरताना डोळे भरून आले, आणि ते तिखटानं आले असं त्यांनी सांगून टाकलं.

त्या दिवसापासून रोज दोन्ही वेळा पहिलं ताट धवलारणीचं. श्रावणात मासळी बंद झाली तर वाल, चवळी, दह्याची वाटी. ताटाचा नंबर हलला नाही. नवा डबा प्रीतीनं आपल्या कपाटात, साड्यांच्या मागे, कुलपात ठेवला आणि सकाळच्या नाचणीच्या आंबिलीत मोजून चमचे घातले. उठाबशा दहापर्यंत मोजायला वेणूबाईंना कंटाळा येई, म्हणून त्या धवला गात. प्रत्येक ओळीला एक उठणं. गणपतीपर्यंत दोन धवले होऊ लागले. दिवाळीत त्या जिना न टेकता चढल्या आणि वर जाऊन उगीचच दोनदा खाली आल्या.

फेब्रुवारीत मांडव उभा राहिला. हळदीला अंबरनाथची ती कुजबुजणारी बाईही आली होती. वेणूबाईंनी तिला मुद्दाम निरोप धाडला होता. साडेतीन तास वेणूबाई गात होत्या. सुरुवातीलाच ध्वनिक्षेपक बंद करायला लावला, आणि तरी आवाज रस्त्यापलीकडच्या इमारतीत गेला, एक ओळ तुटली नाही. नातीला हळद लावून झाली. संपल्यावर शेजारी बसलेल्या दोघी बायका सवयीनं हात द्यायला पुढे झाल्या.

"हात काढा," वेणूबाई म्हणाल्या.

आणि त्या पाटावरून उठल्या. सावकाश, पण कशालाही न धरता, सरळ. बनूबाईनं आधी टाळी वाजवली. जिज्ञासा हळदीच्या हातांनी आजीला बिलगली आणि नव्या लुगड्याचा सत्यानाश झाला. हितेश मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्याला एवढा अभिमान कधी कशाचा वाटला नव्हता.

लग्न लागलं, जिज्ञासा सासरी गेली, पाहुणे पांगले. तिसऱ्या दिवशी घरात सुरमई आली. प्रीतीनं नेहमीसारखा पाट मांडायला घेतला तर वेणूबाईंनी तिला थांबवलं.

"लगीन झालं. धवलारणीचा मान सरला."

हितेशचा चेहरा पडला. पुन्हा डोकं आणि शेपटी, त्याच्या मनात आलं. वेणूबाई जमिनीवरून उठल्या, प्रीतीच्या हातून पळी घेतली आणि एकाला एक लागून दोन पाट मांडले. दोन ताटं वाढली. दोन्हींत मधली तुकडी.

"आता रिद्धीचं लगीन सुरू झालं," त्या म्हणाल्या.

रिद्धीनं पुस्तकातून डोकं वर काढलं आणि आपण दहावीला असल्याची आठवण करून दिली. आजीनं मग तर भरपूर येल हाय, बरंच झालं, असं म्हणून तिला गप्प केलं आणि त्या सुनेकडे वळल्या. या घरात आल्यापासून सव्वीस वर्षांत ही पोर काय खात होती, हे त्यांनी आठ महिने पहिल्या ताटावर बसून, समोरून पाहिलं होतं.

"नवरीच्या आईलापन मान असतो गो. तुला तुझ्या नातीच्या मांडवात उभं रायचंय. बस."

प्रीती बसली. दोघी शेजारीशेजारी जेवल्या, आणि शेपटीकडचा तुकडा घेऊन हितेश शेवटी बसला, मुकाट्यानं काटे काढत.